उतरवलेला पट्टा

"चहा? प्या की काका. चहाचा आणि कानातल्या या आवाजाचा तसा काही संबंध सापडलेला नाही," डॉक्टर म्हणाली आणि म्हणता म्हणता तिने पुढच्या पेशंटचा कागद ओढूनही घेतला. बोलूनचालून साधी गोष्ट. कानाच्या ओपीडीत दिवसातून दहादा बोलली जात असेल आणि ऐकणारे खूशच होत असतील, कारण चहा सोडा म्हणणारे पायलीचे पन्नास मिळतात, प्या म्हणणारा एखादाच. पण जंगलूजी मडावी स्टुलावर बसले होते ते बसूनच राहिले. हातातली टोपी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. "पाह्यून सांगा ना मॅडम," ते म्हणाले, "थोडंसं तरी असंनच ना काही." भाजीवालीशी घासाघीस करावी तसा त्यांचा सूर. डॉक्टर पोर भली होती. छातीवर नावाची पट्टी, शाल्मली, वय त्यांच्या गुंजनपेक्षा कमीच. तिने मान वर केली. "कोणाकोणाला चहानं आवाज वाढल्यासारखा वाटतो काका, नाही असं नाही. पण सोडल्यानं कमी होतो असं काही दिसत नाही. उलट एकदम सोडला तर डोकं दुखतं, झोप बिघडते, मग आवाज जास्तच जाणवतो. तुमचा कान चाळीस वर्षं जिनिंगमध्ये राहून गेलाय. त्यात चहाचा काय दोष? पिऊन बघा. वाढला तर नका पिऊ. तुमचं तुम्हालाच कळणार, तो आवाज दुसऱ्या कोणाला थोडाच ऐकू येतो?" बाजूला उभी असलेली गुंजन, त्यांची एकुलती एक लेक, फाइल छातीशी धरून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिली.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडताना आवाज कानात होताच. चार वर्षांपासून आहे. बारीक, सरळ, कुठे गाठ नाही, कुठे तुटणं नाही. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांना वाटलं शेजारच्यांची मोटर सुरू राहिली आहे, आणि ते भिंतीवरून डोकावून बंद करा म्हणून सांगायलाही गेले होते. जन्मभर त्यांनी आवाजांशीच संसार केला होता, पण त्या सगळ्या आवाजांना जागा असायची. बेअरिंग, रोलर, ढिला नट, कुठेतरी बोट ठेवता यायचं. याला जागाच नव्हती. आज सकाळी काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून, आवाज आला की बटन दाबा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी बटन दाबलं ते सोडलंच नाही. काचेपलीकडची मुलगी हसली. ती हसली म्हणून तेही हसले. तोवर सगळं ठीक होतं. डॉक्टरच्या बोलण्यानं मात्र पायाखालची फळी निघाली, कारण प्रश्न चहाचा नव्हता, भागीरथेचा होता. आठ महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवर त्यांच्या बायकोनं शेवटचं काही मागितलं असेल तर चहा मागितला होता, आणि यांनी तो दिला नव्हता. चहा वाईट असतो म्हणून दिला नव्हता. आता चहा वाईट नसेल तर मग काय राहिलं? एवढ्या एका गोष्टीवर आठ महिने त्यांनी पाठ टेकली होती, आणि त्या पोरीनं कागद ओढता ओढता ती काढून घेतली.

हिंगणघाटच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. चैत सरत आलेला, सीटचा पत्रा मांडीला चटका देत होता. गुंजन शेजारी बसली, ओढणी डोक्यावरून घेऊन. ती अल्लीपूरच्या शाळेवर मास्तरीण, आजची सुट्टी टाकून बापाला घेऊन आली होती. येताना सगळा रस्ता बोलत होती, पाचवीतल्या पोरांचं, नव्या हेडमास्तरचं. जाताना वायगाव गेलं तेव्हा एकदाच म्हणाली, "आयकलं ना बाबा, डॉक्टर काय म्हनली ते?" जंगलूजी म्हणाले, "हो. ते म्हनली ना, कोनाकोनाले वाढते म्हून." "ते बी म्हनली," गुंजन म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. एवढ्या शब्दांत दोघांना काय म्हणायचं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनी ते तिथंच ठेवलं. इंजिनाच्या धडधडीत कानातला आवाज बुडून जातो, म्हणून एरवी त्यांना बस आवडायची. आज बुडला नाही. आज ते त्याला धरून बसले होते, कमी-जास्त होतो का ते बघत, चूल पेटते का म्हणून धुरात तोंड घालून फुंकणाऱ्या बाईसारखे.

अठराव्या वर्षी ते हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात आले, पुढे तिथंच फिटर झाले. गिरडच्या पलीकडे, जंगलाच्या कडेचं गाव. घरात आई गोंडीत बोलायची, बाजारात मराठी, आणि जिनात दोन्हींचा उपयोग शून्य. सरकी काढणारी चोवीस यंत्रं, चोवीस रेचे, एकदम फिरायला लागले, सरकी वेगळी आणि रुई वेगळी पडायला लागली, की आभाळ फाटलं तरी ऐकू येत नसे. तिथली भाषा हातांची. मनगट फिरवलं की फिटरला बोलवा. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की रोलरमध्ये काही अडकलं. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला, नीट उभे राहा. आणि तळहाताची बशी करून ओठांपाशी नेली, तिच्यावर एक फुंकर मारली की चार वाजले, चहा आला. रेच्यांवर कापूस टाकायला बाया असत, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या, भुवयांवर रुईची पांढरी लव. पहिल्याच हंगामात जंगलूजी शाफ्टखाली उताणे पडून ग्रीस भरत होते, तेव्हा त्यातली एक वाकली आणि तिनं बशी करून फुंकर मारली. खूण सगळ्यांना तीच करायची. पण हिनं फुंकर मारताना डोळे मिटले, चहा खरोखरच गरम असावा तसे. ती भागीरथा. बाकीचं सांगण्यात हशील नाही. लग्न झालं, गुंजन झाली, वणा नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या झाल्या, आणि जिनातली खूण घरात राहायला आली. दोघांचेही कान अर्धे गेलेले, आणि नसते गेले तरी सवय. चार वाजले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची, हाक नाही, काही नाही, नुसती बशी आणि फुंकर, डोळे मिटून. ते अंगणात असोत की मित्तराशी बोलत असोत, त्यांना दिसायचंच. गुंजन तर बोलायच्या आधी ही खूण शिकली होती. दूध मागायचं असलं तरी फुंकर मारायची.

चहा म्हणजे ते दोघं बोलायचे असं नव्हे. बोलण्यासारखं काय उरतं चाळीस वर्षांनी? बशीत ओतायचा, ती आधी, मग ते. ती आवाज करून प्यायची आणि ते म्हणायचे, "रेचा लागला पाह्य." ती म्हणायची, "मंग फिटर कायले ठेवला घरात?" रोज तेच. एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी फरक सांगता येणार नाही इतकं तेच. पण संध्याकाळी त्यांना वाटायचं, आज काहीतरी झालं. आता वाटतं, दिवसाच्या यंत्राचा पट्टा त्या बशीवरून जात होता. तेव्हा नव्हतं कळलं. पट्टा फिरत असतो तोवर पट्ट्याकडं पाहतो कोण?

कानात आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा भागीरथेलाच सांगितलं, आणि आपल्या धंद्याच्या रीतीनं सांगितलं. फिटर लांब पेचकस घेतो, टोक बेअरिंगवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आतलं सगळं दांड्यातून चढून येतं. जंगलूजींनी पेचकस काढला, धुतला, टोक आपल्या कानशिलावर टेकवलं आणि मूठ तिच्या हातात दिली. "आयक." तिनं मूठ कानाला लावली, डोळे मिटले, लय वेळ ऐकलं. "काई येते का?" "नाई बाप्पा," ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात काईच नाई." आणि हसत सुटली ती दम लागेपर्यंत. तिचा दम तेव्हाच सुरू झाला होता. तीस हंगाम रुई छातीत ओढल्यावर दुसरं काय होणार? पण त्यांच्या कानाचं कौतुक मोठं, तिच्या छातीचं लहान. घरोघरी हेच असतं. हसून झाल्यावर तिनं पेचकस बाजूला ठेवला आणि आपला कान त्यांच्या कानशिलाला लावला, नुसताच. तशीच राहिली थोडा वेळ. तो आवाज ऐकायला कोणी इतक्या जवळ आलं असेल तर ती एकटी, आणि तिलाही आला नाही.

मग भेटले बंडोपंत. रिटायर मास्तर, सकाळच्या फिरण्यातले, पेपरातला आरोग्याचा कोपरा तोंडपाठ. "अहो जंगलूजी, चहा सोडा," ते म्हणाले. "त्यात कॅफिन असतं. कानाच्या नसेला चाबूक बसतो त्यानं. मी वाचलंय." वाचलंय म्हटलं की जंगलूजींची मान खाली जायची, चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची जाते तशी. पण त्यांनी ऐकलं ते काही नुसत्या वाचनाच्या धाकानं नाही. ते त्यांच्या धंद्यात बसत होतं. किसनराव मिस्त्रींनी त्यांना फिटरकी शिकवली, तिचा पहिला कायदा असा: आवाज कुठून येतो कळत नसेल तर एका रेच्याचा पट्टा उतरवून तो थांबवायचा आणि ऐकायचं. आवाज गेला तर त्या रेच्यात खोट. नाही गेला तर पट्टा परत चढवायचा आणि मग दुसऱ्याला हात लावायचा. "उतरवला तो पहिले चढव," किसनराव टपली मारून सांगायचे, "नाई तं सारेच उतरवत बसशीन, मशीनच बंद पडंन, आन तू म्हनशीन आवाज गेला." हा कायदा जंगलूजींनी पुढे शंभर पोरांना शिकवला. स्वतःच्या देहावर मात्र त्यांनी अर्धाच चालवला.

चहाचा पट्टा उतरवला. चार दिवस डोकं असं दुखलं की भिंतीवर आपटावं, आणि त्यांना आनंद झाला. वाटलं, विष निघतंय. भागीरथा म्हणाली, "रोग हेल्याले आन औषध पखालीले. जिन तुमच्या कानात बसली, चहानं काय केलं?" आठ-दहा दिवस ती एकटी प्याली, स्वयंपाकघरात, पाठमोरी. मग तिनंही सोडला. काऊन सोडला, त्यांनी विचारलं नाही. "एकटीनं बशी काय फुंकाची," असं ती गुंजनला म्हणाली म्हणे. हे त्यांना मागाहून कळलं. महिना झाला, आवाज तसाच. इथं पट्टा परत चढवायला हवा होता. पण त्यांना वाटलं, महिन्यानं काय होते, चाळीस वर्षांचा चहा रक्तात मुरला आहे, थोडं थांबा. आणि थांबता थांबता दुसऱ्याला हात लावला: लोणचं सोडलं. मग रेडिओ. मग शनिवारचं भजन, झांजा कानाला लागतात म्हणून. मग मित्तराच्या पोराचं लग्न, बँडमुळे. चार वाजता भागीरथा सवयीनं दाराशी यायची, त्यांच्याकडे पाहायची, आणि हात पदराला पुसून आत जायची. हातांना काहीतरी करायला पाहिजे ना. वर्ष गेलं आणि ते लोकांना सांगू लागले की फरक आहे, आवाज कमी झाला, चौथा हिस्सा तरी. खरं म्हणजे नव्हता झाला. पण इतकं सोडल्यावर काहीच झालं नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? सांगता सांगता त्यांचं त्यांनाच खरं वाटलं. कोणी चहा पुढे केला की ते हात असा मागे घेत जसा विजेच्या तारेपासून घ्यावा, आणि चहानं नसा कशा तडकतात ते समजावून सांगत. नवा वारकरी माळेला जपत नाही इतकं त्यांनी चहा न पिण्याला जपलं.

हिंगणघाट आलं. स्टँडच्या बाहेरच्या टपरीवर बंडोपंत उभे होते, हातात काचेचा ग्लास, मिशीला साय. जंगलूजी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "बंडोपंत, तुमीच म्हनलं होतं ना मले, चहानं कान वाजते म्हून?" बंडोपंतांनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "मी? असेल बुवा. येत असतं पेपरात काहीतरी. परवा तर आलं होतं की चहानं स्मरणशक्ती चांगली राहते." आणि त्यांनी एक घोट घेतला. जंगलूजींना राग यावा असं फार वाटलं. आला असता तर बरं झालं असतं, तेवढीच टेकायला जागा. पण राग कोणावर धरायचा? त्या माणसानं एका सकाळी चालता चालता एक वाक्य टाकलं आणि तो घरी गेला. त्या वाक्याचं घर बांधलं ते यांनी, आणि बायकोला त्यात कोंडलं तेही यांनीच. "चला बाबा," गुंजन म्हणाली. उन्हात तिची सावली पायाखाली आली होती. त्यांनी त्या सावलीवर पाय न देता चालायचा प्रयत्न केला, घरापर्यंत.

घरात शिरल्यावर कपडे बदलले, पाणी प्याले, माठावर झाकण ठेवलं, आणि मग करायला काही उरलं नाही तेव्हा तो दिवस आला. तो रोजच येतो. पोळा होऊन आठवडा झाला होता. भागीरथेच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नव्हतं, पण दुपारी जरा बरं वाटत होतं, डोळ्यांत ओळख होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते की काय, ते त्यांनी पाहिलं नाही. नंतर वाटतं, वाजले असतील. तिनं उजवा हात उचलला, सलाइनची सुई लावलेला, तळहाताची बशी केली आणि मास्कपाशी नेली. आणि फुंकर मारली. मास्क आतून पांढरा झाला, तिचे डोळे मिटलेले. "बाबा! आई चहा मांगून राह्यली," गुंजन म्हणाली आणि नर्सकडे धावली. नर्स म्हणाली, दोन चमचे पाजा, काही होत नाही. गुंजन खाली जाऊन ग्लासात घेऊनही आली. आणि जंगलूजी म्हणाले, "नको." ते कसे म्हणाले तेही त्यांना आठवतं, अगदी शांतपणे, शहाण्या माणसासारखे. "बरं वाटून राह्यलं तिले, आता काऊन इख देतं? नस तडकते त्यानं. दूध आन." "बाबा, दोनच चमचे." "तुले कळते का मले?" गुंजन ग्लास धरून उभी राहिली. मग कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली आणि तो तिनं ओतून दिला. त्यांनी दूध आणलं, चमचा ओठांशी नेला. भागीरथेनं मान वळवली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात उचलला. या खेपेला फुंकर मारण्याइतका श्वास नव्हता, नुसती बशी. जंगलूजींना कळलं. नाही कळलं असं ते स्वतःला सुद्धा सांगू शकत नाहीत. चाळीस वर्षं ती एकच खूण त्यांना लांबून, गर्दीतून, धुळीतून कळत आली होती. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला, बोटं मिटवली, आणि चादरीखाली नेऊन ठेवला. "पडून राह्य," म्हणाले. तिनं तो पुन्हा बाहेर काढला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेली. यंत्र बंद पडलं, आणि किसनराव म्हणत तसं आवाज गेला असं म्हणायची सोयसुद्धा राहिली नाही. आवाज होताच.

आठ महिने गुंजन दर रविवारी येते, स्वयंपाक करून ठेवते, कपडे धुते, त्या ग्लासाबद्दल एक अक्षर बोलत नाही. तिनं भांडावं म्हणून त्यांनी एकदोनदा मुद्दाम वाकडं बोलून पाहिलं. नाही भांडली. तिच्या न बोलण्यापुढे त्यांच्यापाशी एकच ढाल होती: चहा वाईट असतो. जगात कोणी काही म्हणो, त्यांच्या कानाला ठाऊक आहे. आणि डॉक्टरनं एक फट ठेवली होती ना, कोणाकोणाला वाढतो. मग त्यांना का वाढू नये? तीन वर्षं पट्टा उतरवून ठेवला आहे, चढवून पाहिलाच नाही. चढवल्यावर आवाज वाढला, जरासा, केसभर वाढला, तर ते बरोबर होते. मग त्यांनी भागीरथेला वाचवलंच होतं, निदान एका गोष्टीपासून. चार वाजायला आले तसे ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. गुंजन पीठ चाळत होती. "मांड," ते म्हणाले. "काय?" त्यांनी हात उचलला, तळहात थोडासा खोलगट झाला, आणि तेवढ्यानं त्यांना शरम वाटली. "चहा मांड," ते तोंडानं म्हणाले.

साखर-पत्तीचा वास आला तेव्हा डोळे भरून आले, त्यांना आवडो न आवडो. गुंजननं कप-बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि समोर भिंतीला टेकून बसली. स्वतःसाठी तिनं केला नव्हता. पंखा त्यांनी बंद करायला लावला, खिडकी लावून घेतली. पिण्याआधी आवाज नीट ऐकून घेतला, जसा पट्टा चढवण्याआधी घ्यावा: केवढा आहे, कुठे आहे, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. मग बशीत ओतला. फुंकर मारायची हिंमत झाली नाही, तसाच प्याले, जीभ भाजली. दोन घोट. थांबले. कान आत वळवून बसले. लोक कानातला आवाज जावा म्हणून देवाला नवस बोलतात, आणि जंगलूजी मडावी आपल्या घरात बसून म्हणत होते, वाढ. बाप्पा, वाढ. एवढा एकदा वाढ, मग जन्मभर वाजत राह्य, मी हूं की चूं करनार नाई. आवाज होता तेवढाच होता. सगळी बशी प्याले. कपातला उरलेला ओतला, तोही प्याले. घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढे गेला, वीस मिनिटं गेला. कपाळावर घाम आला, छाती जराशी धडधडली, हातापायांत जुनी ओळखीची तरतरी आली, आणि तोंडात तीन वर्षांनी काहीतरी परत आल्यासारखं चांगलं लागलं. आवाज केसभर हलला नाही. चहा बिचारा कानाच्या वाटेला गेलाच नव्हता, ना तेव्हा, ना आता. तिला दोन चमचे पाजले असते तर काहीसुद्धा झालं नसतं. तिनं ते प्याले असते, डोळे मिटले असते, एवढंच.

"बाबा," गुंजन म्हणाली. ती पुढे सरकली होती. त्यांनी पाहिलं तर तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतलेले, बोटांची पेरं पांढरी पडलेली. असा चेहरा तिचा त्यांनी दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता. "वाढला का?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"वाढला," ते म्हणाले. "लय वाढला माय. कान फुटून राह्यला."

गुंजननं श्वास सोडला, आठ महिने धरून ठेवल्यासारखा. भिंतीला डोकं टेकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही. "मंग बरंच केलं आपन," ती म्हणाली. "मी रोज म्हनो बाबा, ग्लास तं माह्या हातात होता. मी काऊन ओतला म्हनो. तुमचं आयकाचंच नव्हतं, पाजून द्याचे होते दोन चमचे. रोज म्हनो." आणि मग पुन्हा, "बरंच केलं आपन."

आपण. जंगलूजींनी तो शब्द ऐकला. त्यांना वाटत होतं ती त्यांना दोष देत होती, म्हणून बोलत नव्हती. ग्लास तिच्याही हातात इतके दिवस होता, आणि तो खाली ठेवायला तिला जागा सापडत नव्हती, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आता ठेवला तिनं, यांच्या खोट्यावर ठेवला. आता हे खोटं त्यांना जन्मभर पेलायचं होतं, आणि चहाला पुन्हा शिवायचं नव्हतं, तिच्यासमोर नाही आणि मागंही नाही. "हो," ते म्हणाले, "बरंच केलं."

गुंजन डोळे पुसून उठली. पातेल्यात अजून कपभर उरला होता. "हे बी फेकून देतो," ती म्हणाली आणि मोरीशी जाऊन तिनं तो ओतला. मग तिनं खिडकी उघडली, पंखा लावला आणि बापासाठी दूध तापत ठेवलं. कानातला आवाज सकाळी होता तेवढाच होता.